लेसचा ब्लाउज: आधी अस्तर कापा, लेस नंतर

लेसचा ब्लाउज मशीनवर बिघडला असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा तो त्याआधीच, कापायच्या टेबलावर बिघडलेला असतो. अस्तर आणि लेस एकावर एक घालून, घडी करून एकदम कात्री चालवली की पुढे कितीही जपून शिवा, तो नीट बसत नाही. एक तर छातीवर लेस ताणली जाऊन आत अस्तराला सुरकुत्या पडतात, नाहीतर अस्तर बसतं आणि वर लेसचे फुगे येतात. हा लेख साधा अस्तराचा ब्लाउज शिवता येणाऱ्यांसाठी आहे. माप घेणं आणि मुंढा काढणं येतं असं धरून चाललो आहोत.

दुकानात काय बघायचं

बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणी-चिकोडीच्या कापडपेठेत ‘लेसचं कापड दाखवा’ म्हटलं की तीन अगदी वेगळ्या वस्तू समोर येतात आणि तिन्हींना लेसच म्हणतात. पहिली म्हणजे जाळीतच नक्षी विणलेली पातळ लेस. दुसरी तयार नेटवर धाग्याचं भरतकाम केलेली. तिसरी जाड, जाळी नसलेली, जिच्यात एक फूल दुसऱ्याला फक्त धाग्याच्या काड्यांनी जोडलेलं असतं. तिला आपल्याकडे जीपीओ किंवा केमिकल लेस म्हणतात.

हा फरक कात्री कुठे चालवायची ते ठरवतो, म्हणून तो कुठून आला ते थोडक्यात सांगतो. हाताची लेस सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमकडचा भाग) बहरली, सुईने किंवा लाकडी फिरक्यांवर धागे गुंफून. १८०९ मध्ये इंग्लंडच्या जॉन हीथकोटने षट्कोनी जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि १८१३ मध्ये नॉटिंगहॅमला जॉन लीव्हर्सने त्यापुढचं यंत्र तयार केलं. या जाळीत धागे एकमेकांना पिळून गुंतलेले असतात, त्यामुळे ती कापली तरी साध्या कापडासारखी उसवत नाही. जीपीओ लेसची गोष्ट निराळी. स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोब्लीने १८६३ मध्ये शिफली भरतकाम यंत्र काढलं. पुढे त्याच यंत्रावर खालच्या कापडावर भरघोस भरायचं आणि मग ते कापड रसायनाने विरघळवून टाकायचं, अशी पद्धत निघाली. खालचं कापड गेलं, उरला तो नुसता धागा. म्हणून जीपीओ लेस मधूनच आडवी कापली तर भरतकामाचा धागा सुटतो. ती काडीवर कापायची, फुलाच्या पोटात नाही.

क्रोशाची सुती लेस, आंध्रातल्या नरसापूरकडची असते तशी, ही चौथी वस्तू. ती ब्लाउजच्या अंगाला न वापरता बाहीच्या काठाला लावावी. सबंध ब्लाउज तिचा केला तर पहिल्या धुण्यानंतर लोंबतो.

धागा कसला आहे ते दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. कडेचा एक धागा ओढून काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटात चुरली जाणारी राख आली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. इस्त्री किती तापवायची हे यावरूनच ठरतं.

४४ इंच पन्ह्याची लेस ३६ छातीला कोपरापर्यंतच्या बाहीसकट सव्वा मीटर घ्या. नेहमीच्या ८० सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसचा हिशेब इथे चालत नाही, कारण नक्षी जुळवण्यात कापड जातं. दोन्ही कडांना कंगोरे असलेली लेस मिळाली तर दोन्ही बाह्यांचे काठ तयार मिळतात. ताणली जाणारी, इलॅस्टिक मिसळलेली लेस या पद्धतीने शिवू नका. ते काम वेगळं आहे.

अस्तर

सुती टू बाय टू किंवा कॅम्ब्रिक, एक मीटर. सॅटिन क्रेपची चमक लेसच्या जाळीतून दिसते, ती हवी असेल तरच घ्या. ते सरकतं, म्हणून कामही दुप्पट होतं.

कोरं सुती अस्तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच वापरा. ‘वेळ नाही’ म्हणून ही पायरी सोडली की पहिल्या धुण्यात अस्तर आटतं. नायलॉनची लेस आटत नाही. मग कुठल्याही टेलरला न निघणारे फुगे येतात. सणाच्या गर्दीत शिवलेले बरेच लेस-ब्लाउज याच कारणाने वाया जातात.

रंग ठरवताना अस्तराचा तुकडा लेसखाली धरून दारात, उजेडात बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मोतिया रंग पांढरा वाटतो. इरकल साडीवर घालायचा काळा किंवा गर्द हिरवा लेस-ब्लाउज असेल तर अस्तर त्याच रंगाचं घ्या. कातडीच्या रंगाचं अस्तर गर्द लेसखाली मळकं दिसतं.

कुठला कट

कटोरी नको. कटोरीचे गोल जोड नक्षीचे तुकडे तुकडे करतात. पातळ लेसला साधा फोर टक्स, जीपीओला प्रिन्सेस कट. हुक शक्यतो पाठीत ठेवा, म्हणजे पुढची नक्षी अखंड राहते.

लेस अस्तरावर बसवणं

हात अडतो तो इथेच. बाकी सगळं नेहमीच्या ब्लाउजसारखं आहे.

वडगाव-शहापूरच्या मागावरून उतरलेल्या कापडाला ताणा असतो, बाणा असतो. उभा धागा धरला की कापड सरळ बसतं. लेसला असा भरवशाचा धागा नाही. ती आडवी ओढली तर उभी आखडते, तिरकी ओढली तर वाटेल तशी जाते. अशा वस्तूला खडूने आखून, घडी करून कापणं म्हणजे पाण्यावर रेघ मारणं. आकार अस्तराने धरायचा आणि लेसने त्यावर नुसतं पडून राहायचं, हा या कामाचा नियम.

म्हणून आधी फक्त अस्तर कापा. पुढचे भाग, पाठ, सगळं नेहमीच्या मार्जिनने: खांद्याला अर्धा इंच, बगलेखाली दीड इंच, गळ्याला पाव इंच. शिलाईच्या आणि टक्सच्या रेघा अस्तराच्या उलट्या बाजूला, म्हणजे अंगाकडे येणाऱ्या बाजूला, साध्या खडूने काढा. कार्बन कागद आणि रंगीत खडू वापरू नका. निळा कार्बन लेसच्या भोकांतून बाहेर दिसतो आणि धुऊनही जात नाही.

आता अस्तराचा एक भाग टेबलावर सुलट बाजू वर करून ठेवा. त्यावर लेस सुलट बाजू वर ठेवून मोकळी सोडा. सुलट बाजू बोटाने कळते, नक्षीच्या कडेचा उठावदार दोरा वर लागतो. लेस ओढून सपाट करायची नाही. तळहाताने थोपटत बसवायची. सगळे भाग एकाच दिशेने, फुलांचे देठ खाली. मोठं फूल नेमकं छातीच्या टोकावर येऊ देऊ नका. गळ्याच्या मध्यावर एक फूल बसवा किंवा दोन फुलांच्या मधली जागा आणा, आणि डावी-उजवी बाजू तिथून मोजा.

जागा ठरली की अस्तराच्या भोवती सगळीकडून दोन-दोन इंच सोडून लेसचा ओबडधोबड तुकडा कापून घ्या. नेमका आकार अजून नाही.

टाचण्यांवर विसंबू नका. त्या जाळीतून निसटतात आणि निसटलेली टाचणी मशीनच्या सुईखाली सापडते. सुईदोरा घ्या आणि मधोमध, गळ्यापासून कमरेपर्यंत उभा धावदोरा घाला. टाके एक ते दीड सेंटिमीटरचे, दोरा ढिला. दोरा आवळला तर लेस तिथेच गोळा होते. मग मध्यापासून दोन्ही बाजूंना, चार-चार बोटांवर, आणखी उभे धावदोरे घाला. कडेला अजून हात लावायचा नाही.

यापुढची पायरी सगळे सोडतात, आणि ब्लाउज इथेच बिघडतो. ब्लाउज अंगावर सपाट राहत नाही, गोल होतो. दोन थर एकत्र गोल झाले की बाहेरच्या थराला जास्त जागा लागते. सपाट टेबलावर कडेपर्यंत पक्कं टाचलं तर बाहेरची लेस कमी पडते, ताणली जाते आणि आतल्या अस्तराला चुण्या पडतात. म्हणून जाड टॉवेलची गुंडाळी करा, अंगाच्या गोलाईएवढी. अस्तराची बाजू टॉवेलकडे आणि लेस बाहेर ठेवून तो भाग तिच्यावर घाला. लेस कडेकडून थोडी आत सरकलेली दिसेल, साधारण दोन-तीन मिलिमीटर, जाड जीपीओला त्याहून थोडी जास्त. ती तशीच राहू द्या आणि गुंडाळीवरच कडेने, शिलाईच्या रेघेच्या बाहेर, धावदोरा घाला. आता तुकडा उचला, पालथा करा आणि अस्तराच्या कडेबरोबर लेस कापा. आधीच मापात कापली असती तर हे दोन-तीन मिलिमीटर आणायचे कुठून?

जीपीओच्या कडेला अर्धवट फूल आलं तर ते लगेच कापू नका. बगलेखालच्या जोडात फूल अर्ध्या इंचापेक्षा जास्त बाहेर जात असेल तर ते मोकळं ठेवा. जोड शिवून झाल्यावर ते पलीकडच्या बाजूवर पसरून हातशिलाईने बसवा. जोड झाकला जातो आणि फुलाचे दोन तुकडे होत नाहीत. खांद्यावर हा खटाटोप करायची गरज नाही, तिथे साडीचा पदर येतो.

टक्स घेण्याआधी प्रत्येक टक्सच्या मधल्या रेघेवर दोन्ही थरांतून धावदोरा घाला, टोकाच्या पुढे एक सेंटिमीटरपर्यंत. त्याच रेघेवर घडी घाला आणि रुंद बाजूकडून टोकाकडे शिवत जा. शेवटचे तीन-चार टाके घडीच्या अगदी कडेने समांतर घ्या. टोकाला मशीन मागेपुढे करायची नाही. दोरे सोडून गाठ मारा. मागेपुढे केलं की लेसमध्ये बारीक ढेकूळ येतं आणि ते सगळ्यात उठून दिसणाऱ्या जागी येतं.

जीपीओला टक्स घ्यायचाच झाला तर तो घडीने घेऊ नका. अस्तराचा टक्स वेगळा शिवून इस्त्री करा. लेस फुलाच्या कडेने, काडीकाडीवर कापत टक्सच्या टोकापर्यंत जा आणि एक कड दुसरीवर चढवा. तेवढी घडी खपली की बारीक हातटाक्याने फूल फुलावर बसवा. खालचं जास्तीचं कापड एक सेंटिमीटर ठेवून कापा. वेळ लागतो. ‘जाड सुई लाव आणि दाबून शिव’ हा सल्ला देणाऱ्याला एकदा तो ब्लाउज घालून आरशासमोर उभं करा.

सगळे भाग असे तयार झाले की लेस आणि अस्तर मिळून एकच कापड झालं. पुढे नेहमीसारखं शिवा.

मशीन

नवी सुई: पातळ लेसला ११ नंबर, अस्तरासह जीपीओला १४. बोथट सुई जाळीचा धागा ओढून लांबच लांब रेघ पाडते. इंचाला १० ते १२ टाके, वरचा ताण जरा ढिला, दोरा पॉलिएस्टरचा, लेसपेक्षा किंचित गर्द. प्रेशर फूटचा दाब कमी करता येत असेल तर करा. जुन्या पायाच्या मशीनवर वरचा स्क्रू थोडा सैल केला की होतो.

कडेचा धावदोरा मशीनने पक्का करताना लेसची बाजू खाली, अस्तर वर. प्रेशर फूटची टोकं भोकांत अडकत नाहीत. खालच्या दातांनी लेस गिळू नये म्हणून खाली बटर पेपरची पट्टी ठेवा, शिवून झाल्यावर टाक्यांच्या रेघेवर फाडून काढा. वर्तमानपत्राची पट्टी लावायला सांगणारे भेटतील. पांढऱ्या लेसवर शाई उतरते. सुरुवात अगदी कडेवर न करता एक सेंटिमीटर आतून करा आणि पहिल्या दोन टाक्यांना दोन्ही दोरे मागे धरून ठेवा.

जोड लाटेसारखा वळवळला तर शिवताना लेस ओढली गेली आहे किंवा दाब जास्त आहे. जोड आखडला तर वरचा ताण कडक आहे. उसवायचं झालं तर अस्तराच्या बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापा आणि उलट्या बाजूचा दोरा ओढा. लेसच्या बाजूने ब्लेड लावलं तर टाका आणि जाळी यांतलं काय कापलं ते कळतसुद्धा नाही.

बाही, गळा, हुकपट्टी

बाहीला अस्तर बहुतेक घालत नाहीत, तेच बरं. कंगोरे सरळ रेषेत असतात, म्हणून बाहीचं तोंड सरळच आखा. नेहमीची खोलगट गोलाई दिली तर काठाचे कंगोरे कापले जातात. बाहीची लांबी कंगोऱ्याच्या खालच्या टोकापासून मोजा आणि दोन्ही बाह्या एकाच फुलापासून सुरू करा, म्हणजे डावी-उजवी सारखी दिसते. बाहीचा जोड उघडा दिसतो, म्हणून फ्रेंच शिलाई घ्या: आधी उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर शिवा, कापून तीन मिलिमीटर ठेवा, उलटवून पुन्हा शिवा. मुंढ्याला ओव्हरलॉक चालेल. टोचत असेल तर त्यावर अस्तराची उरेब पट्टी गुंडाळा.

गळ्याला लेसचीच पट्टी नको. अस्तराच्या कापडाची किंवा रेशमी उरेब पायपिंग लावा. हुकपट्टीही कधी लेसची करू नका, हुक जाळीतून निसटतं. अस्तराच्या कापडाची दुहेरी पट्टी, आत पातळ कॅनव्हास, आणि वर हवी तर लेस नुसती टाचलेली.

इस्त्री उलट्या बाजूने, खाली टॉवेल पसरून, नायलॉनच्या आकड्यावर. वरून दाबायचं नाही, टेकवायचं आणि उचलायचं. टॉवेल नसला तर जीपीओची उठावदार फुलं चपटी होतात.

खानापूर आणि कॅम्पातल्या चर्चमधल्या लग्नांसाठी गाऊनची लेस शिवायची असेल तर अंगाचा भाग हाच, ब्लाउजचा. घेराला मात्र लेस अस्तराला टाचू नका, कमरेत धरून मोकळी सोडा.

धुणं आणि ठेवणं

थंड किंवा कोमट पाणी, लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतो तो पातळ साबण, दहा मिनिटं भिजवून हाताने दाबून काढा. ब्रश नको, पिळणं नको. मशीनमध्ये टाकायचाच असेल तर हुकं लावून, उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून. बाहीचा घामाचा पिवळेपणा घालवायला क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. नायलॉन त्याने पांढरा होत नाही, आणखी पिवळा पडतो. नीळही नको, ती सुती अस्तरावर चढते आणि लेसवर डाग डाग राहतात.

बोअरच्या जड पाण्यात साबण पूर्ण निघत नाही आणि पांढरी लेस काही धुण्यांत राखाडी होते. शेवटच्या बादलीभर पाण्यात एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर घातला की तो थर निघतो. सुती क्रोशाच्या काठाला साबुदाण्याची अगदी पातळ खळ चालते. नायलॉनच्या लेसला खळ द्यायचा उपयोग नाही.

वाळवताना टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि खाटेवर सपाट पसरा. दोरीवर टाकायचाच झाला तर कमरेपासून, कारण ओल्या ब्लाउजचं वजन खांद्याच्या लेसवर आलं की ती लांबते. जून ते सप्टेंबर बेळगावकडच्या पावसात हा ब्लाउज दिवसभरात वाळत नाही. जाळी कोरडी लागते, पण आतलं सुती अस्तर बगलेत दमट राहतं. तिथे हात घालून बघा. दमट असताना कपाटात गेला की अस्तरावर काळे ठिपके येतात आणि लेसमधून ते स्पष्ट दिसतात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जुन्या सुती पंच्यात गुंडाळा. जरीची किंवा चमकीची लेस असेल तर डांबरगोळ्या तिच्याजवळ नकोत.

बगलेखालचं दीड इंच मार्जिन शिवताना कापून टाकू नका. अंग भरलं तर तिथेच उसवून सोडता येतं. पण फूल पलीकडे चढवून बसवलं असेल तर आधी ते हातटाके काढावे लागतील, म्हणून ते टाके लेसच्याच रंगाच्या पण वेगळ्या ओळखू येणाऱ्या, जरा जाड दोऱ्याने घाला.